‘अन्’चा मोठा भाऊ

रविवार, २ मार्च

बाईंनी ही वही दिली तेव्हा थंडी होती. आता पंखा लागतो. किती टाळलं ते यातच आलं. रोज म्हणायचो, उद्यापासून. एकदा पहिल्या पानावर तारीखसुद्धा घातली होती, तेवढ्यात खिडकीत मांजर आलं, मी त्याच्यामागं गेलो अन् वही सोफ्याखाली गेली. आज चिमणीचा चेंडू काढताना हाताला लागली. चिमणी म्हणजे माझी भाची. तिनं विचारलं, "मामा, ही कोरी का?" आता एवढ्याशा पोरीसमोर किती लाज काढून घ्यायची. म्हणून बसलोय.

बाई म्हणजे आमच्या रेडिओ स्टेशनवर बातम्या वाचतात त्या. माझी एक चिठ्ठी बघून म्हणाल्या, "बोलतोस झऱ्यासारखा अन् लिहितोस तुंबलेल्या मोरीसारखा. रोज एक पान लिहीत जा. मी वाचणार नाही." चिठ्ठीत मी एका शब्दाची वेलांटी चुकवली होती. दोन गोष्टी जोडायला वापरतात तो शब्द, 'अन्'चा मोठा भाऊ. त्याच्या शेवटी पहिली वेलांटी की दुसरी, हे मला त्यांनी सांगितलं अन् मी दुसऱ्या दिवशी विसरलो. परत विचारायची लाज वाटली. तेव्हापासून मी त्या शब्दाचं नावच सोडलं. सगळीकडं 'अन्' लिहितो. अन्‌ला वेलांटी नाही, भांडण नाही.

शाळा मी सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत नाही. त्यानंतर पेट्रोल पंप, मग एका बोटीच्या स्वयंपाकघरात कांदे, मग जत्रेतला मोठा पाळणा. पाळण्यावर असताना एकदा रेडिओला फोन लावला. भोंगासरांना माझं बोलणं आवडलं अन् त्यांनी बोलावूनच घेतलं. सगळं शहर त्यांना भोंगा म्हणतं, आम्ही भोंगासर. रोज सकाळी सगळ्या घरांत, दुकानांत, रिक्षांत त्यांचा आवाज येतो, "दार उघडा, मी आलोय." एवढं म्हणून ते माईक बंद करतात अन् दोनदा खोकतात. खोकला आम्हालाच ऐकू येतो.

माझं काम म्हणजे श्रोत्यांचे फोन घ्यायचे, चहा आणायचा अन् सरांचं इंटरनेटवरचं पान सांभाळायचं. ते बोलतात, मी टाईप करतो. चष्मा त्यांना कधीच सापडत नाही. सुरुवातीला मी स्टेशनच्या अडगळीच्या खोलीत राहायचो, तेव्हा तापानं फणफणलो होतो. सर स्वतः औषध घेऊन आले, डोक्यावर पट्टी ठेवत बसले. सख्खा माणूस एवढं करत नाही.

आता मी ताईकडं राहतो. ताई दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर असते. दाजी रस्त्याच्या कामावर, डांबर टाकणाऱ्या टोळीत. दाजी सीमेपलीकडचे. पलीकडून आलेले लोक आमच्यापेक्षा खूपच काळे असतात, अन् दाजी त्यांच्यातही उजवे. लग्नापासून आईबाबा ताईकडं आलेले नाहीत. आमची भाषा दाजींना बोलायला फक्कड येते, लिहायला ते माझे मेसेज वाचून वाचून शिकले. फक्त तो, ती, ते यात घोळ घालतात. म्हणतात, "खुर्ची ती अन् टेबल ते, असं का? पाय तर दोघांना चारच."

स्टेशनवर दाजींबद्दल मी कधी बोललो नाही. कारण काही नाही. विषय निघाला नाही.

गुरुवारी जेवताना दाजी म्हणाले, "आज डांबर संपली."

ताई म्हणाली, "संपलं."

"संपलं. तर मुकादम माझ्याकडं असा टक लावून बघायला लागला. मी म्हटलं, साहेब, मला नका बघू. मी घरी लागतो."

ताईच्या नाकात पाणी गेलं. मी तर खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो. शुक्रवारी गाणं चालू असताना हा किस्सा मी सरांना सांगितला, ओळखीतला एक कामगार आहे म्हणून. सरही खूप हसले. "चांगलाय रे," म्हणाले. कोणाचं काही आवडलं की ते कान खाजवतात. कान खाजवत होते.

पान भरलं. जमलं की.


सोमवार, ३ मार्च

काल संध्याकाळी, मला सुट्टी असताना, सरांनी पानावर स्वतःच्या हातानं एक विनोद टाकला. म्हणजे चष्मा सापडला. फोन समोर धरून जसाच्या तसा उतरवून घेतो:

"डांबर संपलं म्हणून आपल्या रस्त्याचं काम अडलंय म्हणे. अहो, एवढे कामगार आहेत ना? आडवे करा आणि रोलर फिरवा."

सकाळी स्टेशनला पोचेपर्यंत अर्ध्या शहरानं एकमेकांना पाठवला होता. लिफ्टमध्ये, टपरीवर, सगळीकडं तोच. लिफ्ट नेहमीसारखी दोन मजल्यांच्या मधे अडकली तर आतला एक जण म्हणाला, "कोणाला तरी आडवं करा रे." मीसुद्धा हसलो. खरं सांगायचं तर थोडी कॉलर ताठ झाली होती. किस्सा माझ्याकडून गेला होता. थोडा बदलला होता, पण माझाच.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मूळचा कोणाचा रे हा?"

"असाच," म्हटलं.

संध्याकाळी दाजी माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांच्या फोनवर तेच. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "मेव्हण्या, हा कोण?"

"हा होय? हा अन्‌चा मोठा भाऊ. अर्थ तोच."

"मग तू का नाही लिहीत?"

"मला त्याची वेलांटी जमत नाही."

"कधीच नाही लिहीत?"

"कधीच नाही."

"बरं," म्हणाले. जरा वेळ फोनकडं बघत बसले. शिकायची हौस म्हणावी ती या माणसाची. एवढा दमून येतो अन् एकेका शब्दाची चौकशी करतो. मग जेवले. आज काही गंमत सांगितली नाही. ऊन फार होतं दिवसभर.


बुधवार, ५ मार्च

आज फोन थांबेचनात. पहिल्या माणसानं सरांना काढून टाका म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, काढलंत तर स्टेशनसमोर टायर जाळू. तिसऱ्यानं फक्त श्वास घेतला. एक बाई म्हणाली, "माझा नवरा त्या रस्त्यावर कामाला आहे," अन् पुढं काहीच बोलली नाही. मी हॅलो हॅलो करत राहिलो. ठेवताही येईना.

शिपाईमामा म्हणतात, "हसायची पण चोरी झाली. एका फुसकुलीसाठी माणसाचं घर पाडायचं का?"

बाई तिथंच चहा घेत होत्या. म्हणाल्या, "मामा, तुमची फुसकुली तुमच्या खुर्चीपुरती. हातात माईक असलेल्याची अख्ख्या शहराच्या स्वयंपाकघरात जाते."

"म्हणून नोकरी घालवायची?"

"घालवायची की नाही ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण ती नोकरी त्यांना लोकांनी दार उघडलं म्हणूनच मिळाली ना."

मला दोघांचंही पटलं. माझं हे असंच. ज्याचं शेवटचं ऐकतो त्याचं पटतं.

येताना बस थांब्याच्या भिंतीवर काळ्या रंगात लिहिलेलं दिसलं, 'रोलर फिरवा'. खाली नाव नाही, काही नाही. रंग ओला होता. मी बोट लावून बघितलं. का लावलं कुणास ठाऊक. मग ते बोट पुसायला काही मिळेना म्हणून घरापर्यंत हात खिशात घालून आलो.

जेवताना चिमणी म्हणाली, "मामा, आम्ही शाळेत नवा खेळ खेळतो. रोलर रोलर."

"तो कसा असतो?"

"एकानं रस्ता व्हायचं. आडवं पडायचं. मग सगळे अंगावरून लोळत जातात."

"अन् रस्ता कोण होतं?"

"मीच. रोज."

"तू रोलर नाही होत कधी?"

"मी कशी होणार? माझा रंग रस्त्याचा आहे ना."

नाटकात राणीचं काम मिळाल्यासारखं सांगत होती. ताईचा हात ताटात तसाच राहिला. दाजी उठले अन् मोरीवर जाऊन हात धुवायला लागले. अजून जेवायला सुरुवातही केली नव्हती त्यांनी. नळ बराच वेळ चालू होता. मी टेबलाखाली बोट पँटला घासत होतो. डाग जात नाही.


गुरुवार, ६ मार्च

थोडक्यात लिहितो.

दुपारी दाजींच्या टोळीशेजारी एक गाडी हळू झाली. काच खाली झाली. आतल्या कोणीतरी सरांच्या आवाजाची नक्कल केली, "दार उघडा, मी आलोय." टोळीतले काही जण हसलेसुद्धा, दाजी सांगत होते. रोज ऐकतात ना ते पण. हसले अन् मग दगड आले. रोलर चालवणारे काका, वयस्कर आहेत, त्यांचं कपाळ फुटलं. गाडी निघून गेली.

दाजींनी त्यांना दवाखान्यात नेलं. केसपेपरच्या खिडकीत ताई. तिनं विचारलं कसं लागलं. दाजी म्हणाले, "लिही, कामावर लागलं." ताईनं काय लिहिलं ते तिनं सांगितलं नाही.

उद्या कामावर जाऊ नका म्हणून ताई अजून मागं लागलीय. दाजी म्हणतात, "घरी बसलो तर ते म्हणतील, घाबरले."

"मग घाबरलो नाही आपण?" ताई म्हणाली.

दाराला कडी घातली होती. दाजी उठून परत बघून आले.

मला एक सारखं आठवतंय. बोटीवर एक स्वयंपाकी होता, तो म्हणायचा, सुरीचा दोष नसतो, पण ज्यानं ती उघडी टाकली त्यानं निदान पाय बघून चालावं. आता सुरी कोण अन् उघडी टाकली कोणी हे मला नीट जुळवता येत नाही. मधेमधे जुळतं अन् मग मी दुसऱ्या कशाचा तरी विचार करतो.


शनिवार, ८ मार्च

काल लिहिलं नाही. काल फक्त स्टेशनच्या मागच्या दारानं आत गेलो अन् मागच्या दारानं बाहेर आलो. पुढच्या दारासमोर दोन घोळके. एकाच्या हातात फलक, 'भोंगा बंद करा'. दुसरा ओरडत होता, "रोलर फिरवा". मधे पोलीस, फोनवर काहीतरी बघत.

आज मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सर तिथंच होते. दाढी वाढलेली. आवाज तोच, पण माणूस अर्धा झालेला. मॅनेजरसाहेबांनी मला बसायला सांगितलं. आजपर्यंत त्या खुर्चीवर मी फायली ठेवल्यात, बसलो पहिल्यांदाच.

"सरांच्या पानाचा पासवर्ड दोघांकडं आहे. सर अन् तू. बरोबर?"

"हो साहेब."

"रविवारी संध्याकाळी सर झोपले होते."

मी सरांकडं बघितलं. ते बुटाच्या टोकाकडं बघत होते.

"मग टाकला कोणी?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

मी खरोखर विचार करायला लागलो. म्हटलं, "कोणीतरी हॅक केलं असेल."

"हॅकर म्हटलं तर लोकांना पटत नाही. हल्ली सगळेच तसं म्हणतात. लोकांना माणूस लागतो."

तरी मला कळेना. म्हटलं, "मग शोधायला पाहिजे."

मॅनेजरसाहेबांनी सरांकडं बघितलं, हा खरंच असा आहे का, अशा नजरेनं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं, लोकांना लागतो तो माणूस म्हणजे मी.

सर खुर्ची ओढून जवळ आले. "पोरा, तू लहान आहेस. तुला कोण ओळखतं? चार दिवस ओरडतील, विसरतील. माझं तसं नाही. मी गेलो तर स्टेशन जाईल. स्टेशन गेलं तर तू पण जाशील, बाई पण, मामा पण."

"अन् मी गेलो तर?"

"तर फक्त तू जाशील."

हिशोब बरोबर होता. त्यात चूक काढता येईना.

"सोमवारी सकाळी सर तुला सगळ्या शहरासमोर मोठ्या मनानं माफ करतील," मॅनेजरसाहेब म्हणाले. "मग वातावरण निवळलं की तुला परत घेऊ. दुसऱ्या कामावर. चांगल्या."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाले, "आईला फोन येतात रे घरी. काय काय बोलतात तिला. ती मला विचारते, तू काय केलंस? इतकी वर्षं मी लोकांना हसवलं. दुसरं काही येतच नाही मला."

हे खोटं नव्हतं. पट्टी ठेवणारा हात अन् हा हात एकच होता, म्हणूनच मला पटकन नाही म्हणता आलं नाही. अन् खरं लिहायचं तर भीतीही वाटली. नाही म्हटलं तर पुढच्या दारातला कोणता घोळका माझ्या मागं लागेल? हो म्हटलं तर कोणता? अन् दोन्हीकडं, किस्सा नेला कोणी, याचं उत्तर मीच.

फोनवर मसुदा आलाय. उद्या संध्याकाळपर्यंत माझ्या नावानं टाकायचा. "माझ्याकडून अनवधानाने" अशी सुरुवात आहे. अनवधान म्हणजे काय ते बाईंना विचारावं वाटलं. विचारलं नाही.

ताईला अजून सांगितलं नाही.


रविवार, ९ मार्च, दुपारी

सकाळी मसुदा उघडून बसलो. माझ्या नावाच्या पानावर एकेक ओळ उतरवत होतो. शब्द मोठे मोठे होते. अनवधान, दिलगिरी, भावना. मधे मधे तो मोठा भाऊ येत होता. सवयीनं मी प्रत्येक जागी अन् करत गेलो. तेवढंच माझं, बाकी सगळं मॅनेजरसाहेबांचं.

ताई मागून कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं वाचलं. आवाज न चढवता म्हणाली, "हे तू लिहिलंस?"

"नाही. म्हणजे आता लिहितोय. विनोद नाही लिहिला. पण लिहिला असं लिहितोय."

"माणसासारखं बोल."

मग सगळं सांगितलं. खुर्ची, मसुदा, मोठं मन. फक्त किस्सा सरांना कोणी दिला तेवढं सोडून. ताईनं हातातलं फडकं टेबलावर आपटलं.

"म्हणजे त्यानं घाण करायची अन् तू पुसायची? त्याला हाकलायला पाहिजे. माईक तोंडाला लावूच द्यायला नको परत. त्याचं पोट दिसतं तुला. तुझ्या भाचीच्या अंगावरून लोळतात ते नाही दिसत?"

"सर वाईट नाहीत गं ताई."

"रोलरला पण रस्त्याचा राग नसतो," दाजी म्हणाले.

ते दारात उभे होते. आत आले, माझ्याशेजारी बसले, माझा फोन उचलला, वाचला. ओठ हलवत वाचतात ते. मग फोन खाली ठेवला.

"मेव्हण्या, सोमवारी मी तुला विचारलं होतं, हा शब्द कोण."

"हो."

"तेव्हा मी शब्द विचारत नव्हतो."

मी वर बघितलं.

"विनोद माझी होती," दाजी म्हणाले. आज ताईनं 'माझा होता' असं दुरुस्त केलं नाही. "या टेबलावर केला. इथून बाहेर नेणारा तू एकटाच. ते मला बघता क्षणीच कळलं. नेला तर नेला. पण तो रोलर त्यात कोणी घातला, तेवढंच मला बघायचं होतं. तुझे सगळे मेसेज मी शंभरदा वाचलेत. तो मोठा भाऊ एकातही नाही. विनोदात तो होता. मग मी झोपलो."

ताई खाली बसली. किस्सा मी बाहेर नेला हे तिला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. म्हणजे आठवडाभर दाजींनी एकट्यानं ते सांभाळलं होतं, अन् मी वहीत लिहिलंय, ऊन फार होतं.

"दाजी, मी तुमचं नाव नव्हतं सांगितलं," म्हटलं. "ओळखीतला एक कामगार, असं म्हटलं."

तोंडातून निघाल्यावर मला ते ऐकू आलं. ओळखीतला एक कामगार.

दाजींनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी घरी लागतो म्हटलं होतं. ते वाक्य त्यानं गाळलं. घर गाळलं की उरतं काय? डांबर."

"मग तुम्ही सांगा, दाजी. काढावं का त्यांना?"

"मला नाही माहीत. काढलं तर लोक म्हणतील, यांच्यामुळं गेला. अजून दगड येतील. नाही काढलं तर म्हणतील, बघा, चालतंय. तरी येतील. ते त्यांनी बघावं. मी एवढंच बघतो," त्यांनी फोनवर बोट ठेवलं, "की तू लिहिलंस असं झालं, तर मला उद्यापासून या टेबलावर गप्प बसावं लागेल. बाहेर मी गप्पच असतो. मग मी हसवायचं कुठं?"

चिमणी तेवढ्यात चेंडू घेऊन आली अन् दाजींच्या मांडीवर चढली.


रविवार, संध्याकाळी

मसुदा पुसून टाकला. सरांना मेसेज केला. किती वेळा लिहून खोडला ते विचारू नका. शेवटी गेला तो असा:

"सर, मी हे टाकणार नाही. तो विनोद मी लिहिलेला नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यातलं डांबर आमच्या घरातून आलं. ज्यांचं होतं ते ओळखीतले कामगार नाहीत, माझे दाजी आहेत. माझी भाची शाळेत रस्ता होते. उद्या कोणी विचारलं तर मी हे सगळं सांगणार. अन् तुमची पट्टी मी विसरलेलो नाही."

पाठवला अन् फोन उलटा ठेवला. साप झाकून ठेवतात तसा.

मघापासून ताई घरभर दिवे बंद करत फिरतेय. दाराला कडी आहे, कडीखाली टेकवलेली खुर्ची आहे. चिमणीला सांगितलंय, चेंडू टप्पा न पाडता खेळायचा. ती हवेत फेकते अन् झेलते. कुठूनही गाडी हळू झाली की आम्ही तिघं एकमेकांकडं न बघता थांबतो, मग ती पुढं जाते. आमचा पत्ता स्टेशनवर माझ्या कागदात आहे. तो मॅनेजरसाहेब कोणालाही देऊ शकतात. हे मेसेज पाठवण्याआधी सुचायला हवं होतं. मला सगळं नंतर सुचतं.

दाजी खिडकीच्या कडेला उभे आहेत. मी स्वयंपाकघरात बसून लिहितोय, कारण हातांना काहीतरी काम पाहिजे.

खाली एक गाडी थांबलीय. गेली नाही.

जिन्यावर कोणीतरी आहे. सावकाश येतंय.

दार वाजलं. दाजींनी ओठांवर बोट ठेवलं. ताई चिमणीला उचलून मोरीत गेली.

बाहेरून आवाज आला, "दार उघडा." मग जरा थांबून, "मी आलोय."

दाजींचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. गुरुवारी त्यांनी हेच ऐकलं होतं अन् मग दगड. ते कोपऱ्यातलं फावडं उचलतायत.

आता खोकला. दोनदा.

नक्कल करणाऱ्यांना हा खोकला माहीत नाही. रेडिओवर तो कधी गेलेलाच नाही. मी दाजींना खुणावलं, खाली ठेवा ते. कानात सांगितलं, "खरेच सर आहेत."

"एकटे?"

आम्ही दोघांनी दाराला कान लावला. पलीकडं एकाच माणसाचा श्वास, जिना चढून लागलेली धाप. मग तोच आवाज, पण माईकवाचून, एखाद्या म्हाताऱ्याचा असावा तसा: "पोरा, तुझे दाजी आहेत का घरात?"

फावडं भिंतीला टेकवून दाजींनी कडीखालची खुर्ची बाजूला केली. कडीवर हात ठेवून ते माझ्याकडं बघतायत. वही ठेवतो. आमच्या दारात भोंगा आलाय.